सत्तावीस नंबरची पेटी

मखमलाबाद, नाशिक
१२ जानेवारी २०००

सुवर्णा,

आशीर्वाद घे. पत्राच्या वर आशीर्वाद लिहायचा असतो असं तिसरीत शिकवलं होतं, म्हणून लिहिला. राग आहे तो खाली आहे.

तू तासगावला पोचलीस हे किराणा दुकानातल्या फोनवर तुझ्या भावाला कळवलंस. "वहिनीला पण सांग" म्हणालीस म्हणे. वहिनी काय दुसऱ्या तालुक्यात राहते? मी तिथंच उभी होते, हातात तेलाची बाटली घेऊन. माझ्याशी दोन शब्द बोलली असतीस तर दुकानदाराचा फोन झिजला नसता.

असो. इकडं सिझन सुरू झाला. परवा नारळ फोडला. टेबलं तीच, कात्र्या त्याच, थंड खोलीचा दरवाजा अजून तसाच करकरतो. फक्त तू नाहीस. तुझं नाव मात्र आहे. बोराडे साहेबांनी नव्या पोरींना भाषण केलं. म्हणाले, "आपली सुवर्णा तीन वर्षांपूर्वी हिरव्या टोपीत आली. पेटी भरता भरता पिवळी टोपी मिळाली, चेकर झाली. मग निळी मिळाली, सुपरवायझर झाली. आता कंपनीनं तासगावचं नवीन पॅकहाऊस तिच्या हातात दिलं. का? तर सत्तावीस नंबरची पेटी परदेशातून कधी परत आली नाही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. न वाजवून सांगते कोणाला.

मी पाच वर्षं त्याच हिरव्या टोपीत आहे. टोपीचा रंग उडून ती आता पोपटाची राहिली नाही, शेवाळाची झाली. तुला इथं कामाला कोणी आणलं होतं ते साहेबांच्या भाषणात नव्हतं. नवऱ्यानं सोडल्यावर तू माहेरी आलीस, ओसरीवर तोंड फिरवून बसायचीस, तेव्हा हाताला धरून दिंडोरी रोडला त्या पत्र्याच्या शेडपर्यंत कोणी चालवलं? भाषणात तेवढं घातलं असतं तर साहेबांचा घसा बसला असता का?

आता कामाचं बोलते. तुझी निळी टोपी इथं खुंटीला टांगली आहे. चेकर होती ती कुसाबाई गुडघ्यामुळं बसली घरी, म्हणून पिवळी पण रिकामी. साहेब म्हणाले, "कोणाला द्यायची ते सुवर्णाला विचारून ठरवू." सोळा बायका आहेत, पण विचारणार तुला. तर साहेबांनी विचारलं की माझं नाव सांग. निळीसाठी सांग. पिवळी मला नको. जी टोपी तुला चालते ती मला मोठी होणार नाही.

उत्तर लवकर दे. तुझा भाऊ बरा आहे, पंचवटीत भाजी विकतो आणि तुझी तारीफ करतो. भाजी कमी विकतो.

लंका


तासगाव
२४ जानेवारी २०००

वहिनी,

नमस्कार. दादालाही सांग. फोनवर मागे बायका रांग लावून उभ्या होत्या म्हणून घाईत बोलले, मनात घेऊ नकोस.

इथं सगळं नवीन आहे. चाळीस बायका, त्यांतल्या तीस जणींनी घडाला कधी कात्री लावलेली नाही. द्राक्ष अख्ख्या मुठीत धरतात. मण्यावरची पांढरी पावडर पुसून निघते आणि माल शिळ्यासारखा दिसतो. दिवसभर एकच ओरडते, देठाला धरा, देठाला धरा. इथल्या बायका मला मॅडम म्हणतात. पहिल्या दिवशी मागे वळून पाहिलं, कोण मॅडम आली म्हणून.

तू टोपीचं लिहिलंस. वहिनी, साहेब मला विचारतील तेव्हा मी बोलेनच. पण निळ्या टोपीचं काम तुला वाटतं तसं नाही. ती बाई पेटी भरत नाही, वही भरते. कोणत्या बागेचा माल, किती वाजता आला, मीटरवर साखर किती, किती पेट्या पास, किती नापास, कोणत्या नंबरच्या. इंग्रजी आकड्यांत. संध्याकाळी ती वही साहेबांच्या टेबलावर जाते आणि तिथून पुण्याच्या ऑफिसात. एक आकडा चुकला तर कंटेनर अडतो. प्रतिभाला दोन सिझन झाले, ती बारावी आहे, तिला वही जमेल असं मला वाटतं. तू पिवळीसाठी हो म्हण. चेकरला नजर लागते, ती तुझ्याएवढी कोणाची नाही.

रागावू नकोस.

सुवर्णा


मखमलाबाद
३ फेब्रुवारी २०००

सुवर्णा,

रागावू नकोस म्हणतेस. बरं. रागावत नाही. नुसतं विचारते.

प्रतिभा? जी डबा खाताना पण कात्री खिशात ठेवते आणि मग शोधत फिरते, ती प्रतिभा? तिला निळी, आणि तिच्या हाताखाली मी? तू मला शिकवलंस तरी बरं झालं, की नजर माझी आणि टोपी दुसरीची.

आता मी तीन वर्षं जे तोंडातून काढलं नाही ते काढते. तुला माहीत आहेच. पण कागदावर येऊ दे.

सत्त्याण्णवच्या सिझनला तू आलीस. तुझा नंबर सत्तावीस, माझा चौदा. प्रत्येक पेटीच्या तळाला आपल्या नंबरची चिठ्ठी टाकायची, म्हणजे माल तिकडं उतरला की कोणाचा हात होता ते कळतं. पहिले तीन दिवस तुझे हात थरथरत होते. बाकीच्या चाळीस पेट्या भरायच्या, तू अकरा. त्यांतल्या चार नापास. डोळ्यांतलं पाणी घडावर पडायचं आणि तू पदरानं मणी पुसायचीस, म्हणजे राहिलेली पावडर पण जायची. चौथ्या दिवशी साहेब म्हणाले, "लंकाबाई, तुमच्या नणंदेला जमत नाही, उद्यापासून आणू नका." मी म्हटलं, चार दिवस द्या.

मग मी काय केलं? माझ्या हातानं पेट्या भरल्या आणि तळाला तुझी चिठ्ठी टाकली. रोज दहा-बारा. त्या पण कशातल्या? चांगल्यातल्या. तुला कामावरून काढू नये म्हणून घड निवडून निवडून तुझ्या पेटीत, उरलेले माझ्या. अख्खा सिझन. आणि तू शेजारी उभी राहून बघत होतीस, एकदा सुद्धा नको म्हणाली नाहीस.

मे महिन्यात तिकडून कागद आला. सत्तावीस नंबर एक नंबर. चौदा नंबर मंद, माल साधारण. साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवला. तुला पिवळी टोपी दिली. तू पाया पडायला माझ्याकडं आलीस, लोकांना वाटलं केवढा मान ठेवते भावजयीचा. मला तेव्हाच थोबाडीत मारावीशी वाटली होती, पण तुझ्या की माझ्या ते कळलं नाही.

तू शिडी चढलीस. चढ. पण पहिल्या पायरीला माझा खांदा आहे आणि तू आता वरून सांगतेस की वहिनी, तुला वही जमणार नाही.

मी साहेबांना सांगणार आहे. चिठ्ठ्यांची अदलाबदल केली की दोघींना काढतात, माहीत आहे मला. माझं जाऊन जाऊन काय जाईल? शेवाळी टोपी.

लंका


तासगाव
१५ फेब्रुवारी २०००

वहिनी,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. खोटं काही नाही त्यात. त्या पेट्या तुझ्या होत्या.

पण तू विचारलंस, मी नको का म्हणाले नाही. तर ऐक. कामावर जायच्या आदल्या दिवशी मी ओसरीवर होते आणि तू आत दादाला म्हणालीस, "हिला कुठंतरी लावा कामाला, दिवसभर डोळ्यांसमोर रडकं तोंड नको." मला ऐकू आलं. म्हणून तू पेट्या देत होतीस तेव्हा मला वाटायचं, ही मला सांभाळत नाही, ही मला घराबाहेर टिकवते आहे. मी घरी परत बसू नये म्हणून. त्यामुळं तोंडातून उपकाराचा शब्द आला नाही. आज कळतं की दोन्ही खरं असेल. तेव्हा एकच कळत होतं.

आणि पुढचंही सांगते. पहिली पायरी तुझी होती. पण दुसऱ्या सिझनला तू चिठ्ठी बदलणं बंद केलंस, आठवतं? त्यानंतरच्या पेट्या मी भरल्या, पिवळ्या टोपीत चेकिंग सांभाळून. साखरेचं मीटर मी शिकले, वही मी शिकले, थंड खोलीत स्वेटर घालून तास तास उभी राहिले. ते पण खरं आहे. तुझी पेटी जशी दिसायची तशी माझी दिसेपर्यंत मी भरत राहिले. अजून घड ठेवताना माझी करंगळी वर जाते, तुझ्यासारखी.

साहेबांना सांगू नकोस. हात जोडते. माझ्यासाठी म्हण. मला परत जायला ओसरीशिवाय जागा नाही. इथं मला खोली आहे, दाराला माझं कुलूप आहे.

सोबत एक कागद पाठवते. वहीच्या पानासारखे रकाने आखले आहेत. तारीख, बाग, वेळ, साखर, पेट्या पास, पेट्या नापास. रोजचं कामावर जे दिसेल ते यात भर आणि पाठव. मी तपासून परत पाठवीन. निळी टोपी बोलून मिळत नाही, भरून मिळते.

सुवर्णा


मखमलाबाद
२२ फेब्रुवारी २०००

सुवर्णा,

उशीर झाला. तुझं पत्र अठरा तारखेला आलं. मी सतरालाच साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन आले होते.

तुझे जोडलेले हात पोस्टात अडकले.

पण घाबरू नकोस, कुलूप शाबूत आहे. ऐक काय झालं ते. मी टोपी काढून हातात घेतली, उभी राहिले, म्हटलं, "साहेब, पहिल्या सिझनच्या सत्तावीस नंबरच्या पेट्या माझ्या होत्या. चिठ्ठी तिची, हात माझा." साहेबांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता बॉम्ब पडतो. आणि साहेब हसले!

म्हणाले, "लंकाबाई, मला वाटलंच होतं तुम्ही येणार. नणंद पुढं गेली की भावजयीला त्रास होतो, माणूस आहे. पण इतकं खोटं बरं नाही. तुमचा चौदा नंबर त्या सालचा बघायचाय? कागद आहे माझ्याकडं. साधारण." आणि वर म्हणाले, "नणंद-भावजयीचं घरी मिटवा."

बघ. आयुष्यात एकदा खरं बोलायला गेले तर ते जळकेपणात गेलं. जळकेपणा होताच, तो नाही म्हणत नाही. पण खरं पण होतं. दोन्ही एका पेटीत भरलं तर वरचंच दिसतं.

केबिनचा दरवाजा उघडा होता. आता टेबलावर बायका मला सत्तावीस म्हणून हाक मारतात. "ओ सत्तावीस, कात्री द्या." "सत्तावीसला चहा द्या गं, तिकडून परत यायला नको." प्रतिभा हसत नाही, ती खाली बघते. तिचं ते खाली बघणं मला जास्त लागतं.

तुझा तो रकान्यांचा कागद चुलीत घातला.

घरात रडकं तोंड नको असं मी म्हणाले होते, ते म्हणालेच होते. तुझं तोंड बघून मला माझी आई आठवायची, ती पण अशीच बसायची, आणि मग माझा हात भाकरीवरून उठायचा. तुला सांगून उपयोग नव्हता. आता लिहून टाकलं.

लंका


तासगाव
३ मार्च २०००

वहिनी,

थोडक्यात लिहिते, कंटेनर उभा आहे.

मी साहेबांना फोन केला. तुझ्या त्या बोलण्यावर काही बोलले नाही, माझी जीभ उचलली नाही. खरं सांगते. फक्त म्हटलं, टोप्या देताना माझं मत घेऊ नका. एक दिवस सगळ्या बायकांना तीन-तीन पेट्या भरू द्या. चिठ्ठी तळाला असू दे, वर काही नको. पेटी बघून ठरवा, चिठ्ठी नंतर बघा. जिची पेटी चांगली तिला पिवळी. आणि वहीचं पान जिला भरता येईल तिला निळी.

साहेब हो म्हणाले. अकरा तारखेला, शनिवारी आहे.

रागात भरू नकोस. तुला राग आला की तू घड दाबून बसवतेस. अंतर सोड. थोडी हवा लागते त्यांना पण.

आणखी एक कागद पाठवते. हा पण चुलीत घातलास तर तिसरा पाठवीन. माझ्याकडं कागद भरपूर आहेत.

सुवर्णा


मखमलाबाद
१३ मार्च २०००

सुवर्णा,

शनिवार झाला.

राग आणू नको म्हणालीस. सकाळी निघताना तुझ्या भावानं म्हटलं, "आज नीट भर हां, सुवर्णासारखी." तिथंच आला राग. दिंडोरी नाक्यापर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही आणि तो आपला सायकल चालवतोय, त्याला पत्ताच नाही.

शेडमध्ये सोळा जणी, अठ्ठेचाळीस पेट्या. मी पहिला घड उचलला तेव्हा बोटं काठीसारखी झाली होती. मग तुझं ते आठवलं, थोडी हवा लागते त्यांना पण. पत्र लिहिताना तुला बरं सुचतं. मी घड खाली ठेवला, हात धुतले, परत आले. मग भरलं. कडेनं भरलं, देठ आत, मणी वर, मधे श्वासाएवढी फट. माझ्याजवळची मैना बघत होती, आपल्या गल्लीतल्या पुंजाची बायको, या सालीच आली आहे. म्हणाली, "आत्या, तुम्ही द्राक्षं निजवताय का भरताय?" म्हटलं, तू आपलं काम बघ.

सगळ्या पेट्या एका लांब टेबलावर मांडल्या. साहेब एकेक झाकण उघडत निघाले. दाबलेली बाजूला, ढिली बाजूला. करता करता तीन पेट्या राहिल्या. साहेबांनी एकीवर हात ठेवला, वाकून बघितलं, दुसरी बघितली, तिसरी. आणि मोठ्यानं म्हणाले, "अरे! ही तर सत्तावीस नंबरची पेटी! सुवर्णा आली आहे का इकडं?"

हशा झाला.

मग साहेबांनी घड उचलून तळाची चिठ्ठी काढली. चौदा. दुसरीची काढली. चौदा. तिसरीची काढताना हसणं थांबलं होतं. ती पण चौदा. चिठ्ठी हातात धरून ते माझ्याकडं वळले. थंड खोलीचा दरवाजा तेवढा करकरत होता. म्हणाले, "लंकाबाई, तुम्ही त्या दिवशी केबिनमध्ये जे म्हणाला होतात..."

सुवर्णा, तोंडात आलं होतं. अगदी दातांपर्यंत. सोळा बायका ऐकत होत्या, प्रतिभा ऐकत होती. एक हो म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "काही नाही साहेब. नणंद-भावजयीचं घरी मिटवलं."

का म्हटलं ते विचारू नकोस. मला पण नीट माहीत नाही. तुझं ते कुलूप डोळ्यांसमोर आलं असेल.

पिवळी टोपी मिळाली. निळी प्रतिभाला, तिनं वहीचं पान एका दमात भरलं. मला पान दिलं तेव्हा मी साखरेच्या रकान्यात वेळ लिहिली आणि वेळेच्या रकान्यात पेट्या. साहेब म्हणाले, साडेनऊ साखर असेल तर द्राक्षं कच्ची आहेत लंकाबाई.

सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? माझी आयुष्यातली सगळ्यात चांगली पेटी, आणि लोकांना ती तुझी वाटली.

पहिला कागद चुलीत घातला नव्हता. पिठाच्या डब्याखाली होता. दोन्ही भरून पाठवते. लाल पेन जपून वापर.

लंका


तासगाव
२१ एप्रिल २०००

वहिनी,

पिवळ्या टोपीबद्दल दादानं फोनवर सांगितलं तेव्हा तो रडला. मी पण. तू लिहिलंस की नणंद-भावजयीचं घरी मिटवलं, ते वाचून मी इथल्या बायकांना सुट्टी द्यायची विसरले.

तुझे कागद तपासले. लाल पेन लावलं आहे, थोडं जास्तच. इंग्रजी सात आणि एक तू सारखेच काढतेस. सातला आडवी रेघ मार. नवीन चार कागद पाठवते.

सिझन संपत आला. यंदा मला पुण्याच्या ऑफिसात घेणार होते. सगळ्या पॅकहाऊसच्या पेट्या तपासायचं काम आहे तिथं, टोपीचं नाही, खुर्चीचं. पण नाही घेतलं. पुढं बघू म्हणाले. असू दे. इथंही काम आहे.

सुवर्णा


मखमलाबाद
२ मे २०००

सुवर्णा,

नाही घेतलं ना पुण्याला? खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. त्या दिवशी एक भाकर जास्त गेली. सारखं काय एकीनंच चढायचं? जरा थांब तिथंच, मला दम खाऊ दे.

सातला रेघ मारली आहे. आता सगळेच आकडे सात दिसतात.

लंका


मखमलाबाद
११ फेब्रुवारी २००२

सुवर्णा,

हे पत्र बसून लिहिते आहे. खुर्चीवर. निळ्या टोपीला खुर्ची मिळते, तुला माहीतच आहे. प्रतिभाचं लग्न झालं, ती सिन्नरला गेली, आणि परवा साहेबांनी टोपी माझ्या हातात दिली. वहीचं पान भरून दाखवलं. साखर साखरेच्या रकान्यात, वेळ वेळेच्या. दोन वर्षांत तुझे एकसष्ट कागद झाले. मोजले आहेत, पिठाचा डबा आता त्यांच्यावरच उभा आहे.

टोपी देताना साहेब म्हणाले, "सुवर्णाला यंदा पुण्याला घेतलं, कळलं का? दोन वर्षं उशीर झाला तिला." म्हटलं, का झाला? तर म्हणाले, "तुम्हाला नाही सांगितलं तिनं? त्या शनिवारच्या पेट्या बघितल्यावर मी फोन करून तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, खरं आहे, पहिल्या सिझनच्या पेट्या वहिनीच्या होत्या. मग मला वर कळवावं लागलं. कामावरून काढू दिलं नाही मी, पण पुणं थांबलं."

सुवर्णा, मी घरी मिटवून आले आणि तू फोनवर उघडून बसलीस. आणि मला लिहिलंस काय? असू दे. इथंही काम आहे.

त्या गोष्टीवर मी एक भाकर जास्त खाल्ली होती. ती आता वर येते. तुला लिहून पण कळवली होती मी, हसत हसत. तू त्याचं उत्तर म्हणून काय पाठवलंस? चार कोरे कागद. एखादी शिवी पाठवली असतीस तर सोपं झालं असतं.

आता आजचं सांगते, म्हणजे पत्र रडकं व्हायला नको. टेबलांमधून फिरत होते. ती मैना, पुंजाची बायको, आता चांगली तयार झाली आहे. तिची नवी जाऊ यंदा आली, हात थरथरतात, पेट्या नापास. मी बघितलं, मैनानं आपली भरलेली पेटी हळूच जाऊकडं सरकवली आणि तळाला जावेची चिठ्ठी टाकली. मी कडेचं टेबल धरलं.

दोघींना मागच्या दारी नेलं. मैना रडायला लागली, "आत्या, काढू नका, ती घरी बसली तर सासू तिला जगू देणार नाही." मी म्हटलं, "काढत नाही. पण ऐक. पेटी देऊ नको. तिचा हात हातात धर आणि तो घड तिच्या हातानं ठेव. दहा दिवस लागतील, साहेबांना मी सांगते. पेटी दिलीस तर तिचं नाव होईल, ती वर जाईल, आणि तू खाली उभी राहून जळशील. आणि कोणाला सांगितलंस तर कोणी खरं मानणार नाही." ती म्हणाली, "मी नाही जळायची आत्या, माझी जाऊच आहे ती." म्हटलं, माझी पण नणंदच होती.

चिठ्ठी मी फाडली. वहीत त्या पेटीपुढं मैनाचाच नंबर लिहिला. ते कागदात बसतं का नाही माहीत नाही, तू सांग.

आता शेवटचं. उद्याच्या गाडीनं इथून पुण्याला नमुन्याच्या पेट्या जातात. तुझ्या नव्या टेबलावरच येणार त्या. सुपरवायझरनं पेटी भरायची नसते, पण आज सगळ्या गेल्यावर मी एक भरली. दोन वर्षांनी मनापासून भरली, कोणाला वाचवायला नाही, कोणाला दाखवायला... हो, दाखवायलाच. तुला.

उघड. देठाला धरून उचल, मॅडम झालीस म्हणून मुठीत धरू नको. लाल पेन काढ, चूक सापडते का बघ. आणि मग तळाची चिठ्ठी काढ. चौदा आहे. या वेळेला नंबर माझाच टाकला आहे.

बघून थोडी जळ. मी लय वर्षं जळले.

लंका